कणसामागे दोन दाणे

मी मका पैदासकार आहे. हे सांगितलं की लोक एकतर लाह्यांबद्दल विचारतात किंवा विषय बदलतात. माझी बायको मंदाकिनी बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. कुणाशी ओळख करून देताना "माधव शेतीखात्यात असतात" एवढंच म्हणते. ते खरं नाही, पण लवकर आटपतं.

आमच्या केंद्रात मक्याचे वाण तयार होतात. चांगला वाण म्हणजे सगळी झाडं एका उंचीची, सगळी कणसं एका मापाची आणि सगळी एकाच आठवड्यात काढणीला येणारी. शेतकऱ्याला हे हवं असतं, व्यापाऱ्याला हवं असतं, मुरघास करणाऱ्या दूधवाल्यांना तर फारच हवं असतं. माझी तक्रार एवढीच, की जी झाडं एकदम पिकतात ती एकदमच मरतात. मी हे दर बैठकीत सांगतो. त्यानंतर चहा येतो.

यंदाच्या मे महिन्यात इंदापूर तालुक्यात तसंच झालं. पारा बेचाळीसच्या वर, पाण्याची पाळी लांबलेली, आणि उन्हाळी मक्यात खोडकूज शिरली. या रोगात झाड बाहेरून हिरवं दिसतं, आतून काळं होत जातं आणि एके सकाळी खाली बसतं. बावड्याच्या शिवारात आठ दिवसांत साठ एकर मका लोळला. मला पाहणीला पाठवलं. लोळलेल्या मक्याची पाहणी करताना चेहरा कसा ठेवायचा हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून मी वहीत डोकं घालून चालत होतो. त्यामुळे उभ्या मक्यात पुरता शिरेपर्यंत तो उभा आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

वीस गुंठ्यांचा तुकडा होता. अर्धी झाडं पडली होती, पण अर्धी उभी होती. कुठलं माझ्या छातीला लागत होतं, कुठलं डोक्यावर हातभर गेलेलं. पांढरी कणसं, पिवळी, तांबडी, एखादं काळपट. एका कणसाला तर म्हाताऱ्याच्या तोंडासारखे इथे चार दाणे, तिथे सहा. आमच्या केंद्रात असलं शेत कुणी उभं केलं असतं तर त्याची बदली झाली असती.

बांधावर एक सत्तरीची बाई विळ्यानं गवत कापत होती. ती बनाबाई.

"मावशी, ही जात कुठली?" मी विचारलं.

"जात कसली? मका हाय."

"बी कुठून आणलंत?"

"सासूनं दिलं. तिला तिच्या सासूनं. तिलाबी तिच्या सासूनं."

"मग बियाला कणसं निवडता कशी?"

"निवडत न्हाय," ती म्हणाली. मी वही उघडी धरून उभा होतो, म्हणून तिला दया आली असावी. "हरेक कणसाचं दोन दानं घेती. मोठ्याचं दोन, बारक्याचंबी दोनच. सासू म्हनायची, निवडायचं ते खायाला. पेरायला निवडायचं न्हाय. पुढलं साल कसं येतंय, कुनाला ठावं?"

हे शिकायला मला एमएस्सीची दोन आणि पीएचडीची चार वर्षं लागली, आणि इतक्या थोडक्यात ते मला अजूनही सांगता येत नाही. मक्याचं लग्न वाऱ्यावर लागतं. एका कणसावरच्या शेजारच्या दोन दाण्यांची आई एक असते, बाप वेगळे असू शकतात. प्रशिक्षण वर्गात हे सांगितलं की शेतकरी हसतात आणि अधिकारी दाराकडे बघतात. पण त्यातली गोम अशी की कुठला गुण कुठल्या दाण्यात दडलाय हे दाण्यावर लिहिलेलं नसतं. एखादा खुजा, विटका दाणा चाळीस वर्षं काही कामाचा नसतो आणि एका मे महिन्यात त्याच्यावाचून काही उरत नाही. म्हणून सगळेच ठेवायचे. बनाबाईच्या घरच्या बायकांनी ते चार पिढ्या ठेवले होते आणि त्याबद्दल एकीनंही कुठे निबंध वाचला नव्हता.

मी पाच किलो बी मागितलं. त्यातलं थोडं दिल्लीच्या थंड कोठारात जमा करायचं आणि बाकीचं आमच्याकडे पेरून त्याची परीक्षा घ्यायची, असा बेत होता. परीक्षा सोपी असते. रोगाची बुरशी लावलेली टूथपिक एकेका खोडात खुपसायची आणि कोण उभं राहतं ते बघायचं. आमच्या टूथपिकच्या खरेदीवर दोनदा लेखी खुलासा मागवला गेला आहे.

"वाळू द्या," बनाबाई म्हणाली. "मिरग झाल्यावर या."

तेवढ्यात तिचा मुलगा विजयसिंह बुलेटवरून आला. साहेब माणूस बांधावर उभा म्हटल्यावर त्यानं बुलेट बंद केली, गॉगल काढला. मी त्याला समजावून सांगितलं की हे बी फार मोलाचं आहे, हे दिल्लीला जाणार, तिथे उणे अठरा अंशांत पन्नास वर्षं राहणार, आणि बावडा गावाची तिथे नोंद होणार. मला वाटलं, मी त्याला महत्त्व पटवून देतोय. खरं तर मी त्या बियाचं वाटोळं करत होतो.

मिरग झाला आणि मी गेलो. दारात मांडव होता. फ्लेक्स लावला होता, त्यावर डावीकडे माझा फोटो, उजवीकडे विजयसिंहचा आणि मधे मक्याचं कणीस. कणीस आमच्या वाणाचं होतं, बहुतेक इंटरनेटवरून घेतलेलं. बनाबाई घरी नव्हती. तिची लेक छकुली सासरी बाळंतपणाला टेकलेली, म्हणून ती लोणी भापकरला गेली होती. जाताना बियाच्या कणसांची कणगी दाखवून सुनेला, राजलक्ष्मीला, सांगून गेली होती की पाच किलो सायबांना द्या आणि बाकीचं झाकून ठेवा.

मला शाल मिळाली, नारळ मिळाला. बनाबाईचे यजमान हिंदुराव तात्या बाजेवर बसून टाळ्या वाजवत होते. मग कोऱ्या पांढऱ्या कापडाची शिवलेली पिशवी पाटावर ठेवली आणि पाच सुवासिनींनी तिला हळदीकुंकू वाहिलं. एक बाई मागे गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही आणि तीही आली नाही. मला ते दिसलं, पण मी मक्याचा माणूस, बाकीच्या गोष्टींची नोंद घ्यायची सवय नाही.

कुंकू लावलेली, शिवलेली पिशवी यजमानांसमोर उसवून बघणं मला जमलं नाही. मी ती डोक्याला लावली आणि गाडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात उसवली. आत पाच किलो दागिने होते. सगळे दाणे पिवळेधमक, टपोरे, एकाच मापाचे. पांढरा नाही, तांबडा नाही, काळपट नाही, खुजा नाही. आमच्या दुकानात विकायला ठेवलं असतं तर लोकांनी रांग लावली असती.

मी विजयसिंहला फोन लावला.

"साहेब, कसं वाटलं?" तो म्हणाला. "सहा बायका बसवल्या चार दिवस. अख्खी कणगी उपसली. आधी मोठी कणसं बाजूला काढली, मग त्यातलं दाणं. एक दाणा वाकडा दाखवा!"

मी दाखवू शकत नव्हतो. तीच अडचण होती.

"आणि बाकीचं बी?"

"बाकीचं म्हणजे घाण की हो. बायकांनी वाटून नेली. निवडायला आल्यावर ती त्यांचीच असती. साहेब, दिल्लीला कसलं पाठवायचं? गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"अहो, तुमच्या रानात पडलं कुठलं? मोठ्या कणसाचंच पडलं ना? त्यानं सगळं कणसात घातलं, खोडात काही ठेवलं नाही. उभं राहिलं ते बारक्या कणसाचं होतं."

फोनवर बुलेट बंद झाल्याचं ऐकू आलं.

"तुमी बोलला न्हाईत," तो म्हणाला.

खरं होतं. मी बोललो नव्हतो. आमच्याकडे पाहुण्याला न निवडलेलं धान्य कुणी देत नाही. माझी आई आत्याकडे तांदूळ पाठवायची तर तीनदा निवडायची, कारण एक खडा गेला असता तर आत्यानं तीन पिढ्या काढल्या असत्या. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी दारात दिल्लीचं नाव घेऊन उभा राहिलो होतो. त्या वीस गुंठ्यांत उसासाठी सऱ्या पाडून झाल्या होत्या, कणगी रिकामी होती, आणि चार पिढ्यांचं बी सहा घरांच्या कोंबड्यांपुढे पडलं होतं. जगात दुसरीकडे कुठेच ते नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्वतःला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, कारण मंदाकिनी हे वाचणार आहे.

पिशवी गाडीत टाकून लोणी भापकरला मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. छकुलीला मुलगी झाली होती. बनाबाई पाय पसरून बसली होती आणि पायांवर बाळाला पालथं घालून तेल चोळत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. तिनं बाळ उलटं केलं, छातीला तेल लावलं, एकेक बोट ओढून सरळ केलं.

"निवडायला कोन कोन हुत्या?" तिनं विचारलं.

मी विजयसिंहकडून नावं लिहून आणली होती. वाचली. जयवंता, तिच्या दोन जावा, वाण्याची सून, पलीकडच्या आळीतली एक.

"ह्या पाच झाल्या."

"सहावी म्हाळसा."

"म्हाळसा हुती?"

"होती."

तिनं बाळाला लेकीच्या हातात दिलं, हात पदराला पुसले. "चला," म्हणाली.

लोणी भापकरहून बावड्याला दोन तास लागतात.  इंदापूर आल्यावर तिनं विचारलं, "दिल्लीला गारव्यात किती वर्सं ठिवत्यात म्हनला?"

"पन्नास."

"आन मला दोन म्हैनं ठिवता आलं न्हाय."

तिचे डोळे भरून आले होते.  मी एसी थोडा कमी केला.

घरी राजलक्ष्मी रडत होती. विजयसिंह गोठ्यात होता आणि म्हशींना लागेल त्यापेक्षा जास्त वेळ वैरण टाकत होता. हिंदुराव तात्या बाजेवरून म्हणाले, "मी म्हनलो हुतो." ते कधी म्हणाले होते हे कुणालाच आठवत नव्हतं. बनाबाईनं कणगीत हात घालून तळ चाचपला, हात झटकला आणि ती बाहेर पडली.

जयवंताचं घर पहिलं. दारात कोंबड्या होत्या, चांगल्या अंगानं भरलेल्या. बनाबाई उंबऱ्यावर बसली, पाणी प्याली, बाळाचं वजन सांगितलं. दिलेलं परत मागायचं तिच्या जिवावर आलं होतं, हे मला आणि जयवंतालाही दिसत होतं. शेवटी मीच विचारलं.

"ती घाण व्हय?" जयवंता म्हणाली. "माझ्याकडं कुठली आता? म्हाळसा घिऊन गेली. टोपलंभर गवऱ्या दिल्या की बदल्यात. मला काय, पावसाळा तोंडावर. माझ्या जावांचीबी तिनंच नेली."

वाण्याच्या सुनेनं तिचा वाटा भरडून म्हशीला घातला होता. पलीकडच्या आळीत लाह्या फोडायचा प्रयत्न झाला होता. तो फसला आणि मका उकिरड्यावर गेला. म्हणजे दोन वाटे गेले आणि चार म्हाळसाकडे.

म्हाळसाचं घर कालव्याच्या फाट्याला, पत्र्याचं. अकरा वर्षांपूर्वी मोटार सुरू करताना तिच्या नवऱ्याला शॉक बसला. तेव्हापासून ती लोकांच्या रानात कामाला जाते आणि त्यातले वीस गुंठे बनाबाईचे. ती दारात आली तेव्हा मी तिला ओळखलं. गोठ्याच्या खांबाला टेकलेली बाई.

चुलीशेजारी गोवऱ्या रचायची जागा रिकामी होती. तीन टोपली गेली होती. तिथे दोन उरल्या असतील, बाकी जमिनीवर गोल डाग.

"आक्का, तुमी कशाला आला?" ती बनाबाईला म्हणाली. "मी आनूनच देनार हुते. तुमी लेकीकडनं यायची वाट बघत हुते."

तिनं कोपऱ्यातली कळशी पुढे ओढली. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. सोडलं तर वर राख, बियाला कीड लागू नये म्हणून. मी मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. राखेत पांढरे, तांबडे, काळपट दाणे, खुजे, चपटे, एक तर अर्धा पिवळा अर्धा जांभळा. मला एकदम रडू आलं. राख डोळ्यांत गेली असं मी सांगितलं, आणि तेही अर्धं खरं होतं.

"चार दिवस तू तितं बसून निवडत हुतीस," बनाबाई म्हणाली. "बोलली का न्हाईस त्यांना?"

"बोलले की. पयल्याच दिशी. म्हनलं, आक्का कणसामागं दोन दानं घेत्यात. तर म्हनले, तू गप निवड. मला कोन इचारतंय, आक्का? मग म्हनलं, घाण तर आपलीच हाय. ती नेयाला कुनाला इचारायला लागत न्हाय."

 बनाबाई माझ्याकडे वळली. "तुमच्याकडचं ते निवडल्यालं गाडीत हाय न्हवं? घिऊन या. ह्यातच घाला."

"ते कशाला आता?" मी म्हणालो.

"का? ते काय सवतीचं हाय? तेबी माझंच."

पैदासकाराच्या नात्यानं मला हे आधी सुचायला हवं होतं. मी गाडीकडे गेलो. पिशवी घेतली. मागच्या सीटवर माझ्या सत्काराची शाल आणि नारळ परवापासून तसेच पडले होते.

"तेबी आना," बनाबाई मागून ओरडली.

तिनं पिशवी आणि कळशी एका घमेल्यात ओतून कालवलं. मग हात धुतले आणि म्हाळसाला म्हणाली, "बस पाटावर."

म्हाळसाला आधी कळलं नाही. शाल आणि नारळ बघून कळलं, आणि ती भिंतीला जाऊन चिकटली.

"आक्का, मला न्हाय चालत ओटी."

"कुनाला न्हाय चालत?"

"लोकास्नी."

"लोकांनी माझी मका घालवली," बनाबाई म्हणाली. "त्यांचं काय सांगतीस मला? बस."

म्हाळसा बसली. बनाबाईनं कमरेची चंची सोडून कुंकवाची डबी काढली, तशी म्हाळसानं मान मागे घेतली. बनाबाईनं जबरदस्ती केली नाही. डबी परत चंचीत ठेवली. मग म्हाळसाच्या पदरात शाल घातली, नारळ घातला आणि घमेल्यातून पाच ओंजळी मका घातला. मोजून पाच. राख सगळीकडे उडाली. म्हाळसा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. अकरा वर्षांत तिच्या पदरात कुणी काही घातलेलं नव्हतं, त्यामुळे कधी उठायचं हे ती विसरली असावी. ती रडत होती आणि हात गुंतल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते, म्हणून बनाबाईनं ते स्वतःच्या पदरानं पुसले.

पुढचं सगळं कामाचं. घमेल्यातलं पाच किलो मी घ्यायचं. बाकीचं फाट्याकडेच्या म्हाळसाच्या दीड गुंठ्यात पेरायचं, कारण बनाबाईच्या रानात आता ऊस. नांगरटीला विजयसिंह ट्रॅक्टर देणार. त्याला अजून विचारलेलं नव्हतं, पण ते ठरलं होतं.

मी नोंदीचा फॉर्म काढला. दिल्लीला बियाबरोबर तो जातो. पिकाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा हे भरून झालं. मग दात्याचं नाव.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

"आक्काचं लिवा," म्हाळसा म्हणाली. "बी त्येंचं."

"तिचं लिवा," बनाबाई म्हणाली. "राखलं तिनं."

"न्हाय, न्हाय, आक्काचं."

मी पेन धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होतो. मला वाटतं, दोघींत कोण अधिक योग्य याचा मी खरोखर विचार करत होतो.

"सायेब," बनाबाई म्हणाली, "हितंबी निवडायला लागला व्हय? दोघींचं लिवा."

रकाना एकाच नावापुरता होता. मी अक्षर बारीक काढलं.